मनगटातला वारा

मिरजेला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. न्यूयॉर्कसुद्धा विमानतळाच्या काचेतून दिसलं तेवढंच. मे ते ऑक्टोबर अमेरिकेत राहून मी काय पाहिलं म्हणाल, तर लेकीचं घर, जवळची एक नदी, नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं आणि शेजारच्या जपानी बाईंचं गॅरेज. हे ऐकलं की माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. वरच्या मजल्यावरच्या जोशीवहिनी तर तोंडावर म्हणाल्या, "अहो, मग एवढ्या लांब जाऊन केलंत काय?" उत्तर म्हणून मी माझं उजवं मनगट गोल फिरवून दाखवलं. त्यांना काही बोध झाला नाही. म्हणून सगळं नीट लिहूनच काढते आहे.

जाण्याचं कारण सरळ होतं. आमच्या केतकीचं पहिलं बाळंतपण. अमेरिकेत दवाखाने चांगले, डॉक्टर चांगले, सगळं यंत्रावर दिसतं. पण बाळाला पायांवर घेऊन तेल चोळून न्हाऊ घालणारं यंत्र अजून तिथे निघालेलं नाही. ते काम आईचं. केतकीने फोनवर सांगितलंच होतं, "बाकी सगळं आम्ही मॅनेज करू, आई. आंघोळ मात्र तू घालायची. मला ते जमणार नाही."

आणि जानेवारीत गच्चीवर गाद्या उन्हात टाकताना माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगट गंजलेल्या कडीसारखं झालं. मूठ कशीबशी वळायची, हात मात्र फिरायचा नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो मी विमानातही दाबत होते आणि शेजारचा गोरा तरुण दर वेळी दचकून बघत होता. केतकीला मी सांगितलं होतं, हात ठणठणीत आहे. तिने आणखी चिंता कशाला करायची? पण तेल लावलेलं ओलं बाळ किती निसरडं असतं ते मला माहीत होतं. डाव्या हाताने मान धरायची आणि उजव्याने त्याला पालथं करायचं. तो उजवा ऐन वेळी दगा देईल अशी मला भीती होती. सामानात जुन्या सुती साड्यांची दुपटी होती, डिंकाचे लाडू होते, वेखंड होतं, आणि सगळ्यात जड ही भीती होती.

डब्लिन

डब्लिन म्हटलं की लोकांना आयर्लंड आठवतं. हे त्यातलं नव्हे. हे ओहायो राज्यातलं, कोलंबस शहराला चिकटलेलं. आमचे जावई अमोघराव तिथे एका इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात. स्वच्छ रस्ते, कापलेलं गवत, एकसारखी घरं, आणि दुपारी इतकी शांतता की मी दोनदा दार उघडून गाव रिकामं तर झालं नाही ना ते पाहून आले. रस्त्यावर माणसं नाहीत, पण बदकांसारखे मोठे गूज पक्षी मात्र रांगेने रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबतात. गावात एक मैदान आहे, त्यात माणसाच्या उंचीची सिमेंटची कणसं ओळीने उभी केली आहेत. मी विचारलं, हे कशासाठी? अमोघराव म्हणाले, "आई, आर्ट आहे ते." मी म्हटलं, गावाबाहेर खरी कणसं पडलेली असताना? त्यावर ते हसले आणि गाडी पुढे नेली. तरी मला ती कणसं मनापासून आवडली. आपल्याकडे उसाचा असा पुतळा कुणी केला तर मी रोज बघायला जाईन.

माझी सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात, तक्रारीच्या फोनवर गेली. लाइट गेली की अख्खा तालुका मला फोन करायचा. पंखा बंद पडल्यावर माणसाच्या तोंडून काय काय निघतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. केतकीच्या घरात मात्र एकही पंखा नव्हता. भिंतींतूनच गार हवा यायची, तीही कुठून येते ते दिसायचं नाही. मला करमेना.

दुसऱ्या आठवड्यात मी आमटीला फोडणी दिली. हिंग, लाल मिरची, कढीपत्ता, नेहमीचीच फोडणी. तर पॅसेजच्या छतावरचं एक पांढरं गोल झाकण असं काही किंचाळायला लागलं की माझ्या हातातला झारा खाली पडला. स्मोक अलार्म. केतकी वर झोपलेली, आठवा महिना सुरू. मी पदराने वारा घालतेय, गॅस बंद करतेय, भोंगा थांबत नाही. एवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई. अंगात ॲप्रन, हातात बांबूचा आणि कागदाचा गोल पंखा. "एक्सक्यूज मी," म्हणाल्या, आणि आत येण्याआधी खाली वाकून चपला काढल्या. नुसत्या काढल्या नाहीत, तोंडं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडून ठेवल्या. घरात आगीचा भोंगा बोंबलतोय आणि या बाई चपला लावताहेत. त्याच क्षणी मला त्या आपल्यातल्या वाटल्या. त्या शांतपणे भोंग्याखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि पंखा हलवायला लागल्या. खांदा हलत नव्हता, कोपर हलत नव्हतं. नुसतं मनगट. केवढा तरी वारा सुटला. भोंगा दोनदा उचकी लागल्यासारखा वाजला आणि गप्प झाला.

"फिश," त्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. "माय हाउस, एव्हरी वीक." म्हणजे त्यांच्याकडेही मासे भाजताना हाच तमाशा होतो.

जिन्यावरून केतकी डोळे चोळत आली. "आई, आर यू ओके? अगं, या फुमिको-सान. शेजारच्या."

या भागात मोटारींचा जपानी कारखाना आहे. फुमिकोबाईंचे यजमान तरुणपणी त्या कारखान्यात आले आणि मग इथलेच झाले. ते आता नाहीत. मुलगा सिॲटलला. बाई एकट्या राहतात आणि फावल्या वेळात पंखे करतात, एवढं केतकीला माहीत होतं.

डबा

दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू करून स्टीलच्या डब्यात भरले आणि त्यांच्याकडे गेले. डाव्या हाताने काही द्यायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं. पण भरलेला डबा एकट्या उजव्या हाताला पेलेना, म्हणून मी दोन्ही हातांनी पुढे केला. फुमिकोबाई एकदम गंभीर झाल्या. कमरेत वाकल्या, दोन्ही हातांनी डबा घेतला, पुन्हा वाकल्या. मग मीही वाकले. त्या आणखी वाकल्या. हे कुठे थांबवायचं ते मला कळेना.

घरी येऊन सांगितलं तर केतकी हसत सुटली. "आई, जपानी लोकांत दोन्ही हातांनी देणं म्हणजे एकदम रिस्पेक्ट. तुझं भारी इम्प्रेशन पडलंय."

माझ्या अधू हाताची लाज आयती झाकली गेली होती.

डबा दोन दिवसांनी परत आला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांनी भरून. भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत. काही घेतलं की परत काही दिल्याशिवाय राहायचं नाही ही त्यांची. मग मी त्यात चिवडा भरला. त्यांनी लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेले मऊ गोळे पाठवले. चवीला थेट पुरणच, फक्त वेलदोडा नाही. मी खोबऱ्याच्या वड्या. त्यांनी काकडीचं लोणचं. आता थांबणार कोण? जी थांबेल ती आपल्या रीतीला चुकेल.

अमोघराव जेवताना केतकीला म्हणाले, "यार, हा इन्फिनिट लूप आहे. कुणीतरी ब्रेक करा." पण त्या काकडीची शेवटची फोड त्यांच्याच ताटात होती.

गॅरेज

असाच डबा द्यायला गेले तर त्या घरात नव्हत्या. गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजात बांबू. भिंतीला टेकवलेले लांब बांबू, हातभर लांबीचे तुकडे, दोऱ्याची रिळं, कागदांच्या गुंडाळ्या, आणि वर तारेवर ओळीने टांगलेले पंखे. ओल्या बांबूचा तो वास आल्याबरोबर मला आमच्या माहेरची बुरूड गल्ली आठवली. लहानपणी शाळेतून येताना मी तिथे उभी राहायची. कोयत्याच्या एका घावात बांबू उभा उकलायचा, त्याच्या पट्ट्या व्हायच्या, पट्ट्यांची सुपं. इतक्या वर्षांनी तोच वास सातासमुद्रापलीकडे नाकात शिरला आणि मी न विचारता आत जाऊन बसले.

हा पंखा एकाच बांबूच्या तुकड्याचा असतो. आपल्याला वाटेल दांडी वेगळी आणि वरच्या काड्या वेगळ्या, तसं नाही. पेराच्या गाठीखालचा भाग म्हणजे दांडी. गाठीवरचा भाग टोकाकडून बारीक बारीक चिरायचा, तो गाठीपर्यंत उकलला की त्याच्याच काड्या होतात. मग त्या पसरायच्या, दोऱ्याने गुंफायच्या, दोन्ही बाजूंनी कागद डकवायचा. मला हे फार आवडलं. मूळ एकच, पसारा केवढा.

फुमिकोबाईंनी एक तुकडा माझ्यापुढे धरला. त्याच्या टोकाला सुरीने चिरा पाडलेल्या होत्या. "मोमी?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं केतकीची चौकशी करताहेत. तिथे आईला मॉमी म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मॉमी स्लीपिंग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बांबूकडे. "मोमी," पुन्हा म्हणाल्या आणि ते चिरलेलं टोक दोन्ही हातांत धरून एकदा इकडे एकदा तिकडे पिळलं. चर्र असा आवाज झाला.

"मॉमी व्हेरी गुड," मी म्हटलं. "ओन्ली बॅक पेन."

त्या विचारात पडल्या. मग बांबू खाली ठेवून माझ्या मागे आल्या, माझे खांदे धरले आणि अंगठ्यांनी चोळायला लागल्या. "मोमी," त्या म्हणाल्या. पुढे येऊन बांबू उचलून पिळला. "मोमी." परत खांदे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोळणं म्हणजे मोमी. अंग चोळतात तीही मोमी आणि बांबू चोळून चोळून त्याच्या काड्या मोकळ्या करतात तीही मोमी. चिरा सुरीने नुसत्या सुरू करायच्या. पुढे बांबू हातानेच उकलायचा. मी एवढी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय गैरसमज झाला होता ते सांगितल्यावर त्याही तोंडावर हात धरून हसत बसल्या.

मग मी तो तुकडा हातात घेतला आणि पिळायला गेले. डावा हात वळला. उजवा जागचा हलला नाही.

"राइट हँड, सिक?" त्यांनी विचारलं.

"ब्रोकन. नाउ ओके."

"नॉट ओके," त्या म्हणाल्या. आवाजात दोष नव्हता, जसं आहे तसं सांगितलं.

मला काय झालं कोण जाणे. लेकीपासून लपवलेली गोष्ट मी त्या परक्या बाईला मोडक्या इंग्रजीत सांगून टाकली. बेबी, ऑइल, बाथ. मी पाय लांब करून बसले, पायांवर उशीसारखा कागदाचा गठ्ठा ठेवला, डाव्या हाताने त्याची मान धरली आणि उजव्याने तो पालथा करून दाखवताना तो खाली पडला. त्या गठ्ठ्याकडे आम्ही दोघी बघत राहिलो.

फुमिकोबाईंनी मोठा तुकडा माझ्या हातातून काढून घेतला आणि कोवळा, बारीक तुकडा दिला. "स्लो," त्या म्हणाल्या. "नो पॉवर. एव्हरी डे कम."

मी रोज जायला लागले. केतकीला सांगितलं, वेळ जात नाही. ते अगदीच खोटं नव्हतं.

दक्षिणेकडे

जूनच्या शेवटी त्या म्हणाल्या, बांबू आणायला जायचंय, चला. त्यांची गाडी जुनी, सीटवर उशी, उशीवर त्या, आणि वेग असा की मागच्या प्रत्येकाने आम्हाला ओलांडलं. कोलंबस संपलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. सोयाबीन बघून मला सांगलीला आल्यासारखंच वाटलं, फक्त बांध कुठेच नाहीत. एकाचं रान कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे कुणी भांडल्याशिवाय कसं ठरतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तासाभराने सपाटी संपली, हॉकिंगच्या टेकड्या लागल्या, झाडी दाट झाली आणि रस्ता वळणं घ्यायला लागला.

झाडाखाली गाडी लावून जेवलो. माझ्याकडे पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी, त्यांच्याकडे भाताचे तिकोनी गोळे, आत एक खारवलेलं आंबट फळ. आजारपणात पेजेबरोबर जुनं लिंबाचं लोणचं देतात, त्याची जपानी बहीण म्हणावी अशी चव. एक गोळा मी मागून घेतला. माझी पोळी त्यांनी मोडून न खाता टोकाकडून चावत संपवली आणि "व्हेरी पेपर," म्हणाल्या. पातळ आहे, असं कौतुक करायचं होतं त्यांना.

बांबू होता डेल नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे. त्याच्या बायकोने शोभेसाठी चार रोपं लावली होती. बायको गेली आणि बांबू हराळीसारखा पसरला. "टेक इट ऑल," तो म्हणाला. फुमिकोबाई दर हिवाळ्यात येऊन कापतात आणि त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर वाळायला ठेवतात. उन्हाळ्यात कापलेल्या बांबूला कीड लागते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे चांदण्या पंधरवड्यात कापत नाहीत, त्याच कारणाने. हे मी चंद्राकडे बोट दाखवून सांगू शकले नसते, दिवस होता. म्हणून जमिनीवर काडीने चंद्र काढला आणि त्यावर काट मारली. त्यांनी मान डोलावली. डेलने मात्र माझ्या चित्राकडे पाहून टोपी मागे सरकवली. निघताना त्याने आम्हाला टोपलीभर पीच दिले.

बांबू गाडीत मावेना. शेवटी मागच्या खिडकीतून हातभर बाहेर राहिला. त्याला धोक्याची खूण म्हणून मी माझा लाल रुमाल बांधला. येताना त्यांना कॉफी हवीशी वाटली, म्हणून गाडीतूनच कॉफी घेण्याच्या त्या खिडकीशी गेलो, आणि आमच्या बांबूने तिथली फुलांची कुंडी अलगद उचलली. आतली मुलगी कॉफी धरून उभी, कुंडी बांबूवर लोंबकळतेय, आणि फुमिकोबाई सीटवरूनच वाकून वाकून माफी मागताहेत. मी उतरून कुंडी काढली आणि जागेवर ठेवली. पुन्हा गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "राइट हँड." मी उजव्या हाताने कुंडी उचलली होती. पूर्ण नाही, डाव्याचा टेकू होता. पण उचलली होती.

परतीच्या वाटेवर अंधारायला लागलं होतं. दोन्ही बाजूंच्या शेतांवर काजवे निघाले, इतके की मी बोलायचं थांबले. मग फुमिकोबाईच बोलल्या. त्यांचा मुलगा इथेच झाला. आई येणार होती, पण वडिलांचं पंख्यांचं काम, घरचं आजारपण, ती आलीच नाही. बाळाला आंघोळ कशी घालायची ते आईने जपानमधून फोनवर सांगितलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बाळ धरून त्या शिकल्या.

"टेलिफोन बाथ," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "ही क्राय. आय क्राय. मदर, टेलिफोन, ऑल्सो क्राय."

मी त्यांच्या गिअरवरच्या हातावर माझा हात ठेवला. डावा जवळ होता, तरी ठेवला उजवाच.

खळ

जुलैत माझा पंखा आकाराला आला. काड्या मोकळ्या झाल्यावर दांडीच्या भोकातून बांबूची एक बारीक वाकवलेली कांब घालायची, आणि दोऱ्याने एकेक काडी गुंफत तो दोरा कांबेच्या दोन्ही टोकांना बांधायचा. पंख्याचा पसारा या दोऱ्यावर ठरतो. माझा डावीकडे ढळला. फुमिकोबाईंनी तो सरळ केला नाही, नुसतं पाहिलं आणि मान हलवली. मी उसवून पुन्हा बांधला, तरी ढळलाच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, राहू दे, माझाच वाटेल.

खळ मात्र मी करणार म्हटलं. शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून आणि दिवाळीचे आकाशकंदील करून माझी हयात गेली. मैदा पाण्यात कालवून अशी दाट खळ शिजवली की चमचा उभा राहील. त्यांनी बोट बुडवलं, वर धरलं, खळ बोटाला तशीच. पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. एवढ्या दाट खळीने कागद काड्यांवर नुसता बसेल, त्यांना धरून राहणार नाही. पाणी घालून घालून ती ताकासारखी केली तेव्हा त्यांचं समाधान झालं.

एका बाजूला त्यांचा हातकागद लावला. दुसऱ्या बाजूला काय लावायचं विचारलं तेव्हा मी घरून दुपट्यांतली उरलेली साडीची पट्टी आणली. माझ्या आईची साडी. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की बाळाच्या अंगाला टोचणार नाही म्हणून आणली होती. त्यांनी ती गालाला लावून पाहिली आणि डकवायला घेतली. सुकल्यावर काडी न काडी कापडातून दिसायला लागली.

बाळ

जुलै संपताना नात झाली. ईरा. तिची नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या, असं दवाखान्याने सांगितलं होतं. ते माझ्या पथ्यावर पडलं. नाळ पडली. मग केतकीने विचारलं, "आई, आज?" मी म्हटलं, आज तिला शिंका येताहेत. दुसऱ्या दिवशी पाणी नीट तापत नाही. तिसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला आंघोळ घालू नये असं कुठेही नाही, पण केतकीला काय माहीत. केतकी आणि अमोघराव मोबाइलवरचा व्हिडिओ लावून प्लास्टिकच्या टबात तिला बुचकळून काढायचे. बाळ रडून लाल व्हायचं, केतकी रडवेली व्हायची आणि मी दाराशी टॉवेल धरून उभी.

केतकीला कळत होतं. एकदा माझ्या बाजूला बसून म्हणाली, "हात दुखतो ना तुझा? सांग ना, मी काही म्हणणार नाही."

"दुखत नाही," मी म्हटलं. "भीती वाटते."

ती जवळ सरकली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली, लहानपणी पडायची तशी.

फुमिकोबाई रोज कुंपणापलीकडून विचारायच्या, "बेबी बाथ?" मी म्हणायची, "टुमारो." त्या कधी समजूत घालत नव्हत्या. दुपारी गॅरेजात गेले की माझ्यापुढे मोमीचा तुकडा ठेवायच्या, कालच्यापेक्षा जरा जाड.

पुन्हा भोंगा

ऑगस्टमधली सकाळ. ईराचं पोट दुखत होतं, पाय पोटाशी घेऊन ती रडत होती. शेक द्यायला पुरचुंडी करावी म्हणून मी तव्यावर ओवा भाजायला टाकला आणि तिला बघायला आत गेले. तिथेच घोटाळा झाला. ओवा जळला. पॅसेजमधलं ते पांढरं झाकण पुन्हा किंचाळलं. आधीच रडणारं बाळ आता श्वास कोंडेस्तोवर रडायला लागलं. अमोघराव हेडफोन काढून वरून ओरडले, "काय झालं?" केतकी बाळाला छातीशी घट्ट धरून खोलीत दार लावून बसली.

मी गॅस बंद केला, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचा माझा वाकडा पंखा ओढला आणि भोंग्याखाली जाऊन उभी राहिले. वारा घालत राहिले. फुमिकोबाई घालायच्या तसाच, खांदा न हलवता. साडीची बाजू वर, कागदाची बाजू खाली, पुन्हा साडी, पुन्हा कागद. धूर खिडकीकडे सरकला. भोंगा दोनदा उचकला आणि गप्प झाला. तरी मी थांबले नाही. हात आपोआप चाललाच होता.

केतकीने दार उघडलं. बाळाला खांद्यावर घेऊन ती तिथेच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "उजव्या हाताने घालतेयस."

मी हाताकडे पाहिलं. मनगट वळत होतं. इकडून तिकडे, बांबू पिळावा तसं. मला त्याची आठवणच राहिली नव्हती.

उघड्या दारात फुमिकोबाई आल्या होत्या, स्वतःचा पंखा घेऊन. एक चप्पल काढलेली, एक पायात. आत यायचं विसरून त्या माझ्या मनगटाकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मोमी."

मी पंखा केतकीच्या हातात दिला आणि म्हटलं, "पाणी काढ. आज मी घालते."

बाथरूममध्ये जमिनीवर टॉवेल पसरून मी पाय लांब करून बसले. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. केतकीने ईराला माझ्या पायांवर ठेवलं. तेल कोमट होतं. आधी छाती, मग हात, पाय, तळवे. मग डावा हात मानेखाली आणि उजवा पोटाखाली. श्वास रोखला आणि तिला पालथं केलं. उजव्या हाताने तिला धरलं, आणि धरून ठेवलं. पाठ चोळली. तांब्याने पाठीवर पाणी ओतलं तशी ती रडायची थांबली. माझ्या पायांवर गाल टेकून, डोळे अर्धे मिटून ती निवांत पडली, आणि कोमट पाणी तिच्या कानाजवळून वाहत राहिलं. केतकी मुसमुसत हसत होती. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात मोकळा नव्हता म्हणून पुसल्या नाहीत. या हाताने पुन्हा कधी काही होणार नाही असं जानेवारीपासून धरून बसलेल्या मला, परक्या देशातल्या, माझ्यासारख्याच परक्या बाईने काहीच न समजावता इथवर आणलं होतं. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

मी मान वर केली. फुमिकोबाई बाथरूमच्या दारात, अनवाणी उभ्या होत्या. पंखा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. ईराकडे बघत त्या म्हणाल्या, "टुडे, नो टेलिफोन."